गृहोपयोगी शास्त्र : नवा संगणक बोलत नाहीं तेव्हां

तयार संगणक दुकानांतून उचलून आणण्याऐवजीं त्याचे निरनिराळे भाग विकत घेऊन ते घरींच जुळविण्याची चाल अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून बरीच रूढ झाली आहे. स्थापत्यशास्त्र शिकणारी मुलगी, चित्रफितींचें संकलन करणारा मुलगा किंवा संगणकशास्त्राचा अभ्यास करणारा पुतण्या यांना जें काम करावयाचें असतें, त्यास बाजारांतील सरसकट तयार यंत्र पुष्कळदां पुरत नाहीं. आणि पुरलें तरी त्यांतील कोणता भाग किती कसाचा आहे हें घेणारास नीट कळत नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानें हिंडून किंवा घरबसल्या मागवून एकेक भाग पारखून घेतला, म्हणजे यंत्र आपल्या कामाच्या मापाचें होतें, हें या चालीचें खरें कारण. यांत अनुचित असें कांहींच नाहीं. स्वतःच्या हातानें जुळविलेल्या यंत्राच्या अंतरंगाचें जें ज्ञान मुलांना होतें, तें विकतच्या यंत्रानें होत नाहीं.

परंतु या चालीबरोबर एक नवा प्रसंगहि घरोघर उद्भवूं लागला आहे. सारे भाग बसवून होतात, घरांतील लहानथोर मंडळी भोंवतीं जमतात, कोणी हळदकुंकूहि वाहतें, आणि कळ दाबल्यावर कांहींच होत नाहीं. किंवा पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळीं “आम्ही आधींच सांगत होतों” हें वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघाल्यावांचून राहत नाहीं. ज्या मुलानें वा मुलीनें वडील मंडळींकडून मोठी रक्कम मागून घेतलेली असते, त्यांचा चेहरा उतरतो. आणि मग सर्वांच्या देखत, घाईघाईनें, चार ठिकाणीं एकदम हात घालून एका बिघाडाचे दोन बिघाड केले जातात. अशा प्रसंगीं काय करावें व काय करूं नये, यासंबंधीं या महिन्याचें हें टिपण आहे. तें जुळविणाऱ्यासाठीं जितकें आहे, तितकेंच भोंवतीं उभ्या राहणाऱ्यांसाठींहि आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. चार वर्षें चाललेला संगणक एके दिवशीं बंद पडला, तर त्यांतील कांहीं तरी झिजलें, जळलें किंवा तुटलें असा तर्क करणें योग्य असतें. नव्या जुळणीची गोष्ट याहून वेगळी आहे. ती बंद पडलेली नसते. ती अद्याप सुरूच झालेली नसते. म्हणून कांहीं तरी बिघडलें आहे यापेक्षां कांहीं तरी जोडावयाचें राहिलें आहे, अर्धवट बसलें आहे किंवा भलत्या ठिकाणीं बसलें आहे, हीच शक्यता अधिक. कारखान्यांतूनच सदोष निघालेला भाग कधीं पदरीं पडत नाहीं असें नव्हे; पण तो संशय सर्वांत शेवटीं घ्यावयाचा. दुकानदाराशीं भांडण उकरण्यापूर्वीं किंवा मुलाच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं एवढें लक्षांत ठेवलें, तरी घरांतील अर्धा क्षोभ शांत होईल.

दोष शोधण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. अमुक असतां तमुक घडतें हा अन्वय, आणि अमुक नसतां तमुक घडत नाहीं हा व्यतिरेक. या दोहोंच्या साहाय्यानें कार्यकारणभाव निश्चित करावा, असें आपले नैयायिक सांगत आले आहेत. संगणकाच्या बाबतींत याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, कीं एका वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, तो वहींत लिहावा, आणि मगच दुसऱ्या बदलाकडे वळावें. रॅमची पट्टी हालविली, तारहि बदलली, ग्राफिक्स कार्डहि काढून पुन्हां बसविलें, आणि यंत्र सुरू झालें, तर आनंद होतो खरा. पण दोष कोठें होता हें कळत नाहीं, आणि तो आठ दिवसांनीं पुन्हां उपटला म्हणजे पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. वही व पेन्सिल हीं या कामांत स्क्रूड्रायव्हराइतकींच आवश्यक साधनें आहेत.

कोणत्याहि परीक्षेस आरंभ करण्यापूर्वीं भिंतींतील प्लग काढावा. नुसता संगणक बंद करून भागत नाहीं. कारण प्लग जोडलेला व मागील कळ चालू असेपर्यंत वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारांत एस्.एम्.पी.एस्. म्हणतात, ती यंत्र बंद दिसत असतांहि मदरबोर्डास ५ व्होल्टांचा पुरवठा करीतच असते. अशा स्थितींत रॅमची पट्टी उपटली किंवा खुपसली, तर ती व तिची खांच या दोहोंसहि इजा होण्याचा संभव असतो. प्लग काढल्यावर पुढील कळ पांच-दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मात्र ती पेटी स्वतः कदापि उघडूं नये. भिंतींतील २३० व्होल्टांच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टांचे पुरवठे काढण्याचें काम तिच्यांत चालतें, आणि तिच्या पोटांतील कपॅसिटरांत प्लग काढल्यानंतरहि कांहीं काळ जीवास अपाय करण्याइतकी वीज सांचून राहूं शकते. पेटी सदोष ठरली तर ती बदलावी. घरीं दुरुस्त करूं नये.

दुसरें भय उलट दिशेचें आहे, म्हणजे माणसापासून यंत्रास. हिंवाळ्यांतील कोरड्या हवेंत लोंकरीचा स्वेटर किंवा नायलॉनचें वस्त्र अंगावर असतां शरीरावर स्थिर विद्युत् सांचते. दाराच्या कडीला हात लावतांच जो चटका बसतो तो तिचाच. आपणांस तो क्षुल्लक वाटतो, पण सूक्ष्म चिपेस तो मारक ठरूं शकतो. म्हणून सुती कपडे घालावे, गालिचा टाळून लांकडी टेबलाशीं बसावें, आणि मधूनमधून कॅबिनेटच्या न रंगविलेल्या धातूस हात लावीत जावें. ज्या घरांत जुन्या वायरिंगामुळें तिसऱ्या पिनेस अर्थिंगच नाहीं, तेथें चालू संगणकाच्या कॅबिनेटला हात लावतांना मुंग्या येतात. हा दोष बहुधा संगणकाचा नसून घराचा असतो. तो जाणत्या वायरमनकडून आधीं दूर करून घ्यावा.

आतां लक्षणांकडे वळूं. नव्या संगणकाचें मौन तीन प्रकारचें असतें. पहिला प्रकार पूर्ण मौनाचा: कळ दाबली तरी पंखा हालत नाहीं, दिवा लागत नाहीं. येथें शोध भिंतीपासून आंत आणावा. ज्या प्लगांत संगणक जोडला आहे त्यांत टेबलावरील दिवा लावून पाहावा. नंतर वीजपेटीच्या मागील बाजूस असलेली लहान कळ पाहावी. तिच्यावर उभी रेघ व शून्य अशीं चिन्हें असतात, आणि रेघेची बाजू दाबलेली असली म्हणजे ती चालू असते. पुष्कळांचा संगणक केवळ या कळीमुळें मुका राहतो. त्यानंतर मदरबोर्डास जाणारी २४ पिनांची रुंद जोडणी अंगठ्यानें दाबून पाहावी. तिचा चिमटा अडकल्याचा आवाज आला पाहिजे. शेवटीं कॅबिनेटच्या पुढील कळीपासून येणारी बारीक तार पाहावी. ती मदरबोर्डाच्या कोंपऱ्यांतील नेमक्या दोन पिनांवर बसावी लागते, आणि तेथील अक्षरें इतकीं बारीक असतात कीं चूक होणें अगदीं स्वाभाविक आहे. संशय आल्यास ती तार काढून, प्लग लावून, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोंकानें क्षणभर एकत्र स्पर्श करावा. तेथील दाब अत्यल्प असल्यामुळें माणसास धोका नसतो. मात्र याच त्या दोन पिना, अशी पुस्तिकेंतील आकृतीवरून खात्री करून घ्यावी. या स्पर्शानें यंत्र सुरू झालें, तर दोष कळीचा किंवा तिच्या तारेच्या जागेचा, हें सिद्ध झालें.

दुसरा प्रकार असा, कीं पंखे क्षणभर फिरतात व थांबतात, पुन्हां फिरतात व पुन्हां थांबतात. येथें तीन गोष्टी पाहाव्या. प्रोसेसरसाठीं मदरबोर्डाच्या वरच्या कांठाशीं ८ पिनांची एक निराळी जोडणी असते. २४ पिनांची मोठी जोडणी लावली म्हणजे झालें, अशा समजुतीनें ती विसरली जाते. ती नसली तर प्रोसेसरला वीजच मिळत नाहीं. दुसरें, मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून अधर ठेवण्यासाठीं पितळी खुंट्या असतात. पूर्ण आकाराच्या ए.टी.एक्स. फलकास बहुधा ९ भोंकें असतात, आणि जेथें भोंक तेथेंच खुंटी असावयास पाहिजे. एखादी जादा खुंटी भलत्या जागीं राहिली, तर ती फलकाच्या पाठीला टेंकून आंतल्या आंत विजेचा मार्ग जुळविते, आणि वीजपेटी स्वसंरक्षणार्थ पुरवठा तोडते. तिसरें, आंत सुटा पडलेला एखादा स्क्रू. कॅबिनेट हलकेंच तिरपें केलें असतां तो खुळखुळतो.

मात्र येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. डी.डी.आर.५ जातीची रॅम ज्यांत आहे, असा संगणक पहिल्या प्रसंगीं त्या रॅमची चांचणी व जुळवाजुळव स्वतःच करून घेतो. या वेळीं पडदा कांहीं मिनिटें काळाच असतो, आणि कधीं यंत्र आपोआप एकदोनदां बंद होऊन पुन्हां सुरू होतें. हा बिघाड नव्हे. पहिल्यांदा कळ दाबल्यावर दहा-पंधरा मिनिटें घड्याळ लावून स्वस्थ बसावें. ही जुळवाजुळव चालूं असतांना घाबरून प्लग ओढणें हें तान्ह्या मुलास झोंप लागतां लागतां हालवून उठविण्यासारखें आहे. सारें पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळणारा: पंखे अखंड फिरतात, दिवेहि लागतात, पण पडद्यावर कांहीं उमटत नाहीं. येथें आधीं मॉनिटरचीच चौकशी करावी. त्याची केबल कोठें खोंवली आहे? संगणकांत वेगळें ग्राफिक्स कार्ड बसविलें असेल तर केबल त्या कार्डाच्या भोंकांत गेली पाहिजे. मदरबोर्डावरील तसल्याच भोंकांत ती लावली तर पडदा काळा राहण्याचा फार संभव. उलटपक्षीं, वेगळें कार्ड घेतलेंच नसेल, तर प्रोसेसरच्या अंगीं चित्र उमटविण्याची शक्ति आहे किंवा नाहीं हें पाहावें. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं एफ हें अक्षर येतें, त्यांत ती नसते, ए.एम्.डी.च्या रायझेन ५००० मालिकेंतील, जी हें अक्षर नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांतहि ती नाहीं. चार पैसे वांचतात म्हणून असा प्रोसेसर घेतला आणि कार्ड पुढें घेऊं म्हटलें, तर यंत्र निर्दोष असूनहि पडदा कायमचा काळा राहील.

त्यानंतर रॅम. तिची पट्टी खांचेंत बसवितांना जितका जोर लागतो, तितका लावावयास नवखा हात भितो, आणि ती एका टोंकास किंचित् वर राहते. टोंकाचा चिमटा टक् असा आवाज करून बंद झाला पाहिजे. चार खांचा असून पट्ट्या दोन असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत त्या बसवाव्या, असें बहुतेक फलकांच्या पुस्तिकांत सांगितलेलें असतें. डी.डी.आर.४ व डी.डी.आर.५ या दोन्ही जातींच्या पट्ट्यांस २८८ संपर्कबिंदु असतात व त्या दिसावयास सारख्या असतात. पण मधली खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एक जात दुसरीच्या घरांत बसत नाहीं. जोर करूनहि बसत नसेल, तर जोर न वाढवितां पट्टीवरील अक्षरें वाचावीं.

यंत्र स्वतः काय म्हणतें हेंहि ऐकावें. १९८१ सालच्या आय.बी.एम्. पर्सनल संगणकापासून, कळ दाबतांच यंत्रानें स्वतःची परीक्षा करावी व सर्व ठीक असल्यास एक लहानसा आवाज द्यावा, अशी प्रथा पडली. हल्लींच्या बऱ्याच फलकांवर आवाजाऐवजीं चार सूक्ष्म दिवे असतात, आणि त्यांच्याशेजारीं सी.पी.यू., डी-रॅम, व्ही.जी.ए. व बूट अशीं नांवें इंग्रजींत लिहिलेलीं असतात. परीक्षा जेथें अडली तेथील दिवा लागून राहतो. पहिला राहिला तर प्रोसेसर, दुसरा राहिला तर रॅम, तिसरा राहिला तर ग्राफिक्स कार्ड, असा शोध मर्यादित होतो. चौथाच राहिला आणि पडद्यावर अक्षरें दिसूं लागलीं, तर बहुधा चिंतेचें कारण नाहीं: नव्या डिस्कवर विंडोज अथवा लिनक्स अद्याप चढविलेलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला दिवा लागून राहिल्यास आणखी एक शक्यता असते. एकच सॉकेट कित्येक वर्षें वापरांत राहतें, पण फलकावरील मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस, तो फलक बनला त्या काळचा असतो. ए.एम्.डी.चें ए.एम्.४ हें सॉकेट २०१७ सालच्या पहिल्या रायझेनपासून २०२० च्या अखेरीस आलेल्या ५००० मालिकेपर्यंत चाललें. त्यामुळें दुकानांत पडून राहिलेल्या जुन्या फलकास नवा प्रोसेसर ओळखतां येत नाहीं, असे प्रसंग पुष्कळ घडले. पुष्कळ फलकांवर पेनड्राइव्ह लावून व एक लहान कळ दाबून, प्रोसेसर नसतांहि बायॉस नवें करण्याची सोय असते. तीहि पुस्तिकेंत पाहावी. मधल्या काळांत कोणी बायॉसमधील मांडणी बदलून ठेवली असेल, तर प्लग काढून फलकावरील नाण्याएवढी सी.आर.२०३२ ही ३ व्होल्टांची बॅटरी कांहीं मिनिटें काढून ठेवावी, म्हणजे मांडणी मूळपदावर येते. त्या नांवांतच तिचें माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर.

एवढ्यानें न भागल्यास मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून, तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आला त्यावरच आडवा ठेवावा, आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी व वीजपेटी एवढेंच जोडून पाहावें. प्रोसेसरला चित्रशक्ति नसेल तरच ग्राफिक्स कार्ड लावावें. असा उघड्यावर तो चालला, तर दोष कॅबिनेटांत, खुंट्यांत किंवा वगळलेल्या भागांत आहे. मग एकेक भाग परत जोडीत जावें, आणि जो जोडतांच मौन परत येईल तो दोषी. हाच तो अन्वयव्यतिरेक.

आमच्या परिचयाच्या एका पुण्यांतील एकत्र कुटुंबांत घडलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षास असलेल्या पुतणीनें काकांनीं दिलेल्या पैशांतून संगणक जुळविला. आराखडे सादर करावयास नऊ दिवस उरले होते. पंखे फिरत, पण पडदा काळा. तिनें वही घेतली व रॅमच्या दोन पट्ट्या आलटून पालटून लावून पाहिल्या. कोणतीहि एक पट्टी दुसऱ्या खांचेंत लावली कीं यंत्र चाले. कोणतीहि पट्टी चौथ्या खांचेंत लावली कीं तें मुकें होई. याचा अर्थ पट्ट्या दोन्ही चांगल्या. दोष त्या खांचेकडे जाणाऱ्या वाटेंत. तिनें प्रोसेसर उचलला आणि आजोबांचें पंचांग वाचण्याचें भिंग घेऊन सॉकेट पाहिलें. इंटेलच्या त्या सॉकेटांत १७०० सूक्ष्म स्प्रिंगा असतात. त्यांतील एक शेजारणीकडे वांकली होती. प्रोसेसर बसवितांना तो एका कोंपऱ्यावर निसटला होता, हें तिला तेव्हां आठवलें.

दुकानाची परतीची मुदत सात दिवसांची होती. काकांचें म्हणणें पडलें, कीं फलक “असाच आला” म्हणून परत करावा. दुकानदारास काय कळणार आहे? घरांतील इतर मंडळी गप्प राहिली. आजोबा एवढेंच म्हणाले, “वहींत काय लिहिलें आहेस तें वाच.” वहींत, प्रोसेसर कोंपऱ्यावर निसटल्याचें तिनें भिंग खालीं ठेवतांच लिहून ठेवलें होतें. ती दुकानांत गेली व घडलें तसें तिनें सांगितलें. दुकानदारानें फलक बदलून दिला नाहीं; असला दोष हमींत बसत नाहीं, आणि त्याचें तें म्हणणें वाजवीच होतें. मात्र सूक्ष्मदर्शकाखालीं असल्या स्प्रिंगा सरळ करणाऱ्या एका कारागिराचें नांव त्यानें दिलें. ते चार दिवस तिनें महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत बसून आराखडे काढले. फलक दुरुस्त होऊन आला. कारागिराचे पैसे काकांनींच दिले, आणि त्याविषयीं घरांत पुन्हां कोणी बोललें नाहीं.

यंत्र एकदां सुरू झालें म्हणजे परीक्षा संपली असें नव्हे. पहिल्या आठवड्यांत तें मधेंच बंद पडूं लागलें, तर आधीं उष्णता पाहावी. हल्लींचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या सुमारास पोंचले कीं स्वतःचा वेग कमी करतात, आणि तेवढ्यानेंहि न भागल्यास यंत्र बंद होतें. याचें एक साधें कारण म्हणजे शीतकाच्या तळाला कारखान्यांत लावलेलें पातळ प्लॅस्टिकचें आवरण तसेंच राहून जाणें. तें काढून, जुना लेप पुसून, वाटाण्याच्या दाण्याएवढा नवा उष्णतावाहक लेप लावावा. उष्णता बेताची असूनहि यंत्र अडखळत असेल, तर बायॉसमध्यें रॅमचा वेग वाढविणारी एक्स.एम्.पी. किंवा एक्स्पो ही मांडणी तूर्त बंद करून पाहावी, आणि मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. त्यांत एक जरी चूक निघाली, तरी ती क्षम्य मानूं नये; अशा रॅमवर साठविलेलें काम केव्हां भ्रष्ट होईल याचा नेम नाहीं.

दोष नेहमीं जुळविणाराचाच, असेंहि मात्र कोणी समजूं नये. २०२२ च्या अखेरीस एन्व्हिडियाच्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांच्या वीजजोडण्या वितळूं लागल्या, तेव्हां जोडणी पूर्ण न बसणें हें त्याचें एक कारण असल्याचें कंपनीनें सांगितलें. पण पुढें त्या जोडणीची रचनाहि सुधारण्यांत आली, जेणेंकरून ती अर्धवट बसली तर कार्डास वीज मिळूंच नये. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची कथा याहून बोलकी आहे. ते कित्येकांकडे कारणावांचून अडखळत होते, आणि लोक आपली रॅम, आपलें कार्ड, आपली जुळणी यांना बोल लावीत बसले. २०२४ च्या जुलैंत कंपनीनें मान्य केलें, कीं प्रोसेसरच्या आंतील मायक्रोकोडच वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टांत दुरुस्ती निघाली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. ज्यांच्या घरीं हे प्रोसेसर आहेत त्यांनीं मदरबोर्डाचें बायॉस अद्ययावत् करून घ्यावें. तथापि आधींच झालेली इजा त्या दुरुस्तीनें भरून निघत नाहीं. तेथें प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.

म्हणून खरेदीचीं बिलें, खोकीं व प्रत्येक भागावरील क्रमांक जपून ठेवावे. मदरबोर्डाच्या सॉकेटवरील काळें प्लॅस्टिकचें झांकण कचऱ्यांत टाकूं नये. हमीखालीं फलक परत करतांना तें लावूनच पाठवावें लागतें. खोकें उघडतांना, प्रोसेसर बसविण्यापूर्वीं, सॉकेटचें एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावें. त्यानें खऱ्याचें रक्षण होतें, मग तें खरें आपल्या बाजूचें असो वा दुकानदाराच्या. भाग खरोखर सदोष असून विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे तक्रार करतां येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडेहि जातां येतें. मात्र तेथें जातांना तारीखवार लिहिलेली वही हातीं असावी.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. ज्या संध्याकाळीं यंत्र मुकें राहतें, त्या संध्याकाळीं किती रुपये घातले हा विषय काढूं नये. तो हिशेब दुसऱ्या दिवशींहि तितकाच राहणार आहे. त्याऐवजीं एकानें विजेरी धरावी, दुसऱ्यानें पुस्तिकेंतील बारीक अक्षर मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि जेवणाची वेळ झाली असेल तर काम तेथेंच थांबवून पानें घ्यावीं. रात्रीं अकरानंतर स्क्रू हातीं धरूं नये. दमलेल्या हातांनीं केलेला बदल वहींत लिहावयाचा राहून जातो. यंत्र सुरू झाल्यावर ती वही बिलांबरोबर कपाटांत ठेवावी. चार-पांच वर्षांनीं जेव्हां खरोखरच कांहीं तरी झिजेल, तेव्हां ती वही काढावी, आणि नवी तारीख घालून त्याच्याखालीं लिहावयास लागावें.